तुम्ही विचारलंत म्हणून: किनाबतांगनला एवढे प्राणी कसे दिसतात?

बोर्निओ बेटावरच्या या नदीचे फोटो दाखवले की हा प्रश्न येतोच. ताडोब्यात दिवसभर जिप्सीत धूळ खायची तेव्हा कुठे वाघाची शेपटी दिसते, आणि तिकडे होडीत बसल्या बसल्या माकडं, धनेश, मगर, नशीब असलं तर हत्तीही! केवढं अफाट जंगल असेल ते!

खरं म्हणजे जंगल थोडं उरलंय, म्हणूनच प्राणी इतके दिसतात.

किनाबतांगन ही मलेशियाच्या सबाह राज्यातली सर्वांत लांब नदी, ५६० किलोमीटरची. सुकाऊ गावापाशी पात्र रुंद आहे आणि पाणी दूध घातलेल्या चहासारखं. दोन्ही काठांना हिरवी भिंत. पण बऱ्याच ठिकाणी त्या भिंतीमागे लगेच तेलताडाचे मळे सुरू होतात, ओळीत लावलेले, नजर पोचेल तिथवर. आधी लाकूडतोड झाली, मग मळे आले. २००५ मध्ये खालच्या खोऱ्यात सुमारे २६,००० हेक्टरचं अभयारण्य जाहीर झालं, तेही सलग नाही, तुकड्यातुकड्यांचं. हत्तींना हिंडायला मुख्यतः काठाची ही चिंचोळी पट्टीच राहिली. म्हणून ते होडीतून दिसतात, आणि आपल्याला वाटतं, काय नशीब आपलं! (त्या मळ्यांचं पामोलिन आपल्या फरसाणातही असू शकतं, भारत जगातल्या सर्वांत मोठ्या खरेदीदारांपैकी एक आहे.)

लांबनाक्या माकडांची गोष्ट मात्र निराळी. जंगल अखंड असतं तरी ती संध्याकाळी काठावर आलीच असती. आपल्या वानरांचेच हे भाऊबंद, पानं खाणारे, पोट मोठं. दिवसा आत चरतात आणि रात्री झोपायला नदीवर झुकलेली झाडं धरतात. तिथे बिबट्याच्या जातीचं जनावर सहज पोचत नाही. म्हणून होडी दुपारी चारच्या सुमारास काढायची. मेनांगुलसारख्या अरुंद उपनदीत शिरलं की नावाडी मोठं इंजिन बंद करून बॅटरीवरची मोटर लावतो. मग थोराड नर नाक लोंबवत फांदीवर बसलेला दिसतो, आणि तोही आपल्याकडे बघत असतो. त्यांची बोटं थोडी पडद्याने जोडलेली असतात, पोहतात छान. पण खाली खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, तेव्हा तुम्ही हात होडीतच ठेवा.

ओरांगउटानला पोहता येत नाही. पूर्वी उंच झाडांच्या फांद्या दोन्ही काठांवरून एकमेकींना भिडायच्या, त्यावरून तो ओढा ओलांडायचा. ती झाडं गेली. आता काही ओढ्यांवर अग्निशमन दलाच्या जुन्या नळ्या ताणून झुलते पूल बांधलेत. त्यांच्याखालून जाताना नावाड्याला नक्की थांबायला सांगा. वर ओरांगउटान असेलच असं नाही; माकडं मात्र त्यांवरून बिनधास्त ये-जा करतात.