गेरू, गोणपाट आणि गायतोंडे

आज दिवसभर ब्रश हातात घेतलाच नाही. प्लायवर गेरूचा हात मारून फेव्हिकॉलने गोणपाट चिकटवलं, त्यावर चाळलेली रेती घातलेला जेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तराचा लेप) पट्टीने ओढला. अर्धवट ओला असताना एक कोपरा खरवडला, तर विणीच्या भोकाभोकांतून गेरू वर आला! तेवढा भाग तसाच ठेवलाय. जाड थर पंख्याखाली घाईने सुकवला की भेगा पडतात, म्हणून थांबलेय.

सारखे चित्रकार वासुदेव गायतोंडे आठवत होते. नागपुरात १९२४ साली जन्मलेले. रोलर, पॅलेट नाइफ वापरायचे, रंग लावलेले कागदाचे कपटे कॅनव्हासवर दाबून उचलायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं. त्यांचा तो धीर मला फार मोठा वाटतो.

उद्या दुसरा थर. निळा घालावा का, अजून ठरत नाहीये.