उलट्या पाण्याचा धंदा : आमची वाटचाल

बेळगावच्या उद्यमबागेत कोणालाही विचारा, 'उलट्या पाण्याचं शेड कुठं', तर आमच्याकडे बोट दाखवतील. पाटीवर 'बॅकफ्लो प्रिव्हेन्शन अँड टेस्टिंग' लिहिलंय, म्हणजे वापरलेलं पाणी उलटं फिरून नळाच्या लाइनीत शिरू नये याची सोय नि तपासणी, पण पाटी वाचतो कोण? वडील इथंच लेथवर पितळी फूट व्हॉल्व्ह काढायचे, खानापूर-चंदगडच्या शेतकऱ्यांसाठी. पुढं एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह), फेरूल, बॉल कॉक. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पोट भरत होतं.

धंद्याला खरं वळण दिलं वडगावच्या अण्णांनी. मागावरच्या सुताला रंग देण्याचं त्यांचं काम. नळाला रबरी नळी लावून तिचं तोंड रंगाच्या टाकीत सोडलेलं, सगळेच सोडतात तसं. वॉल्वमन चावी बंद करून गेला. उताराच्या घरांनी लाइनीत उरलेलं पाणी ओढून घेतलं, कोणी तर थेट लाइनवर मोटर लावलेली. चढाची लाइन पोकळ झाली आणि अण्णांच्या टाकीतला रंग नळीतून उलटा वर चढून गल्लीच्या पाइपात. पाणी पुन्हा सुटलं तेव्हा "गुलाबी पाणी येऊलंय" म्हणत बायका घागरी घेऊन त्यांच्या दारात. मी सगळ्यांदेखत सांगितलं, रंग होता म्हणून कळलं तरी. गटाराचं पाणी असं शिरलं असतं तर कोण ओळखणार होतं?

अण्णांकडे आम्ही आधी काही विकलं नाही, नळी कापली. नळाचं तोंड टाकीच्या काठाच्या वर ठेवलं. पाइपच्या व्यासाच्या दुप्पट, आणि काही झालं तरी २५ मिलिमीटरच्या खाली नाही. याला एअर गॅप म्हणतात. यात स्प्रिंग नाही, रबर नाही, बिघडण्यासारखं काहीच नाही. व्हॉल्व्ह विकणाऱ्यानं हे सांगू नये म्हणतात, मी सांगतो. बॉयलरला पाणी देणाऱ्या लाइनवर मात्र आरपीझेड बसवला, म्हणजे दोन झडपा आणि त्यांच्यामधलं पाणी बाहेर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह असलेलं उपकरण, कारण तिथं नुसत्या ओढीचा प्रश्न नसतो, बॉयलरचा दाबच लाइनीपेक्षा जास्त, तो पाणी मागं ढकलतो. तेव्हापासून अण्णांचं काम दुसरीकडे गेलेलं नाही. त्यांच्या ओळखीनं रंगवाले आले, लॉण्ड्रीवाले आले, एक डेंटल क्लिनिकही आलं.

राकसकोप धरणाचं असो नाहीतर हिडकल धरणाचं, पाणी बंद-चालू येतं तोवर हा धोका रोजचा. २००८ मध्ये दहा वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, तेव्हा लोक मला म्हणाले, आता तुमचं काय काम? अहो, चोवीस तासांच्या लाइनीतसुद्धा पाइप फुटला की दाब जातो. अग्निशमनवाल्यांनी जोरात पाणी ओढलं तरी जातो. आणि बोअरचं नि कॉर्पोरेशनचं पाणी एकाच पाइपला जोडून मध्ये एक चावी ठेवणारे महाभाग तिथंही आहेतच की.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते, एका गृहस्थाबद्दल. नाव घेत नाही. उद्यमबागेत सगळ्यांना माहीत आहे.

आम्ही बँकेचं कर्ज काढून डिफरन्शियल गेजचा किट मागवला होता. तीन होज, नीडल व्हॉल्व्ह, आणि दोन बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारी तबकडी. आरपीझेडची टेस्ट त्याशिवाय होत नाही. पुढची चावी बंद करायची, दुसऱ्या नि तिसऱ्या टेस्ट कॉकला, म्हणजे तपासणीसाठीच्या छोट्या तोट्यांना, होज लावायचे, हवा काढायची, मग हळूहळू फरक कमी करत न्यायचा. फरक २ पीएसआयच्या (हे दाबाचं माप) खाली जाण्याआधी रिलीफ व्हॉल्व्हनं पाणी सोडलं पाहिजे. सोडलं नाही तर उघडा, बघा. बहुतेक वेळा सीटमध्ये सुताचा धागा नाहीतर वाळूचा खडा. पाइप जोडताना सफेदा नि सूत हात सैल सोडून वापरणारे प्लंबर आमचे अर्धे गिऱ्हाईक बनवतात.

एवढं करायला वेळ जातो आणि वेळेचे पैसे लागतात. हा गृहस्थ आला आणि आमच्या निम्म्या दरात 'टेस्ट रिपोर्ट' द्यायला लागला. लॅमिनेट केलेला, गोल शिक्का, वर झुळझुळीत लोगो. एकाच उन्हाळ्यात दोन हॉस्पिटलं, एक कँटीन आणि एक मोठं हॉस्टेल आमच्या हातून गेलं. त्यात एका बिल्डरनं आमचं बिल अडकवून ठेवलेलं. हप्ते थकले. लेथ विकायला काढला, गिऱ्हाईक बघूनही गेलं. दोन पोरं काम सोडून गेली, त्यातला एक त्याच्याकडेच. बायकोनं पाटल्या काढून दिल्या, त्या अजून सोडवून आणल्या नाहीत असं ती चारचौघांत सांगते. सोडवल्यात. अण्णांनी मात्र न विचारता वर्षभराच्या टेस्टिंगचे पैसे आगाऊ आणून टेबलावर ठेवले. "पावती मागनं दे," एवढंच बोलले.

त्याचे रिपोर्ट माझ्या हातात आले तेव्हा हसावं की रडावं कळेना. सगळ्या व्हॉल्व्हचं रीडिंग एकच, दशांशापर्यंत. जमिनीवरचा नवा आणि गच्चीवरचा जुना, दोघांचाही फरक तोच! पुढं एका हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागाच्या लाइनवर काम निघालं आणि मला बोलावणं आलं. बघतो तर टेस्ट कॉकच्या खाचेत रंगारी पोरानं मारलेला ऑइल पेंट तसाच भरलेला. वर्षानुवर्षं स्क्रू ड्रायव्हर लागलाच नव्हता. आणि आरपीझेड बसवलेला खड्ड्यात, रिलीफचं तोंड पावसाच्या पाण्यात बुडालेलं. म्हणजे जिथून घाण पाणी बाहेर टाकायचं, तिथूनच आत यायची सोय! मी फोटो काढून दाखवले. साहेबांनी मान डोलावली, सॉरी वगैरे काही नाही. काम परत दिलं, पण त्याच्या दरानं. ते मी अजून विसरलेलो नाही.

नोटाबंदी, जीएसटी, लॉकडाऊन सगळ्यांनीच भोगलं, त्यात वेगळं काय सांगू. रिपोर्टचा फॉर्म आता एका बाजूला कन्नड, एका बाजूला मराठी छापतो. मुलगा रीडिंगचे फोटो तारखेसकट गिऱ्हाइकाला तिथल्या तिथं पाठवतो. गेज दरवर्षी कॅलिब्रेशनला, म्हणजे रीडिंग बरोबर दाखवतो का ते तपासायला, जातो, मग धंदा असो नसो.

विचारलं नाहीत तरी सांगतो. साधा एनआरव्ही लावून निर्धास्त झोपू नका. त्याला टेस्ट कॉक नसतात, आतली झडप अडकली तरी बाहेरून कळत नाही. संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, येणाऱ्या नळाचं तोंड पाण्याच्या वर आहे का, ते आज झाकण उघडून बघा. गाडी धुवायची नळी बादलीत बुडवून ठेवू नका. लाइनवर थेट मोटर लावू नका, आधी संपात घ्या, मग ओढा. शेजारच्यानं लावली असेल तर भांडा, मी साक्षीला येतो.

मागच्या उन्हाळ्यात त्याच गृहस्थाचा फोन आला. कुठल्यातरी कारखान्यात तपासायला बाहेरगावचे इन्स्पेक्टर समोर उभे राहणार होते, गेज दोन दिवस पाहिजे म्हणाला. गेज देत नाही म्हटलं. मुलाला गेजसकट पाठवतो, दर आमचा, पैसे आधी. थोडा वेळ गप्प बसला, मग पत्ता सांगितला.