दोन बिंदूंमधली रेष

औसा तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवतो. या वर्षी अकरावीच्या मुलांकडून आलेख कागदाबरोबरच संगणकावरही आलेख काढून घेतले, आणि त्यासाठी पायथन या संगणकभाषेसोबतच मिळणारे टर्टल हे साधन वापरले. टर्टल म्हणजे पडद्यावर फिरणारे पेन. त्याला पुढच्या बिंदूचे स्थान सांगितले की ते आहे तिथून त्या बिंदूपर्यंत सरळ रेष ओढते. आमची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचनांची यादी, जेमतेम पंधरा ओळींची होती. क्ष ची किंमत -१० पासून १० पर्यंत ०.१ च्या पायरीने वाढवायची, प्रत्येक वेळी य काढायचा आणि दोन्हींना ३० ने गुणून पेन तिथे न्यायचे, म्हणजे एक एकक ३० पिक्सेलचे होते.

साइन वक्र सुबक आला. कोन अंशांत नाही तर रेडियन या एककात द्यायचा, एवढे एकदा सांगितले की पुरे होते.

अडचण य = १/क्ष ला आली. शून्याने भागताच स्क्रिप्ट थांबली, म्हणून एका मुलीने क्ष शून्य असेल तर ती किंमत वगळून पुढे जाण्याची अट घातली. स्क्रिप्ट चालली, पण पेन (-०.१, -१०) वरून थेट (०.१, १०) वर गेले आणि पडद्याच्या मधोमध ६०० पिक्सेल उंचीची, जवळजवळ उभी रेष उमटली. निम्म्या वर्गाने ती रेष आलेखाचा भाग समजून वहीत उतरवली. मला त्या दिवशी खरोखर वाईट वाटले, कारण याच फलनाच्या दोन शाखा एकमेकींना कुठेही मिळत नाहीत, हे मी आदल्याच आठवड्यात शिकवले होते.

उपाय सांगण्याआधी मी कारण विचारले. मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, धुऱ्यावर तिफण उचलायची राहिली." धुरा म्हणजे शेताची कड आणि तिफण म्हणजे पेरणीचे औजार; याहून नेमके मला सांगता आले नसते. शून्य ओलांडण्यापूर्वी पेन उचलायचे आणि पलीकडे गेल्यावर टेकवायचे, अशा दोन ओळी घातल्यावर शाखा वेगळ्या झाल्या. मात्र धुरा कुठे आहे, हे स्क्रिप्टला आपण सांगावे लागते. तिला फक्त बिंदू कळतात.

याची उलट बाजूही दाखवावी, म्हणून मी साइन (२०π क्ष) हे फलन -१ ते १ या टप्प्यात, एक एकक ३०० पिक्सेलचे धरून, त्याच ०.१ च्या पायरीने काढायला दिले. पडद्यावर क्ष-अक्षावर आडवी रेष आली. मुलांना स्क्रिप्ट चुकली असे वाटले, पण प्रत्येक किंमत बरोबर होती: या तरंगाचा आवर्तनकाल, म्हणजे एक तरंग पूर्ण होण्यास लागणारे क्ष मधले अंतर, नेमका ०.१ आहे, त्यामुळे आमचा प्रत्येक बिंदू तरंगाच्या त्याच जागी, म्हणजे शून्यावर, पडत होता. पायरी ०.०१ केली तेव्हा वीस पूर्ण तरंग उभे राहिले. पहिल्या वेळी खोटी रेष दिसली होती, या वेळी खरे तरंग लपले होते, आणि दोन्हींचे मूळ एकच: बिंदूंच्या मधे काय आहे ते आम्ही तपासलेच नव्हते.

तेव्हापासून वर्गात आधी नुसते ठिपके काढतो, मग पायरी निम्मी करून पुन्हा काढतो, आणि आकार बदलला नाही तरच ठिपके जोडतो. निम्म्या पायरीवरही तरंग निसटू शकतो, हे मुलांना स्पष्ट सांगतो. गेल्या शनिवारी साइन (१/क्ष) घेतले. शून्याजवळ त्याचे तरंग दाट होत जातात आणि पायरी कितीही लहान केली तरी त्याहून अरुंद तरंग शिल्लक राहतात. त्या आलेखात शून्याभोवतीचा भाग मुलांनी एकमताने ठिपक्यांचाच ठेवला आहे.