पुराच्या गावातला टंचाईचा कायदा

आमच्या घरात सहलीचे ठिकाण सुचवण्याचा माझा अधिकार फार पूर्वीच काढून घेण्यात आला आहे, आणि तो निर्णय न्याय्य आहे असे माझेही मत आहे. महाबळेश्वरला गेलो की मी कृष्णेच्या उगमापाशी रेंगाळतो, गोव्याच्या वाटेवर म्हादईचा विषय काढतो आणि म्हैसूरच्या वृंदावन बागेतली कारंजी सुरू झालेली असताना त्या धरणामागच्या १९२४ च्या कावेरी कराराबद्दल बोलत उभा राहतो. कंपनी कायदा शिकवणारे माझे सहकारी समुद्रकिनाऱ्यावर निवांत बसू शकतात. पाण्याच्या कायद्याचा अभ्यास करणाऱ्याला मात्र जाईल तिथे नदी, कालवा, निदान एखादा वाद तरी भेटतोच.

हा नाद लावला कोल्हापूरने. पाऊस ओसरून ऑक्टोबर उजाडला की पंचगंगा, भोगावती, दूधगंगा यांच्यावरच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, घालायला सुरुवात होते. बंधाऱ्याच्या खांबांना उभ्या खाचा असतात. त्यांत वरून बरगा सोडायचा, तो तळाशी बसला की त्यावर दुसरा, मग तिसरा, आणि अशा दोन रांगा उभ्या राहिल्या की मधल्या पोकळीत माती ठासून भरायची. फटींतून पाणी चिरकत आहे तोवर काम संपले असे कोणी म्हणत नाही. पूर्वी हे बरगे लाकडी असत, आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी आहेत, आणि लोखंडाला भंगारात भाव असल्यामुळे काठावर रचून ठेवलेले बरगे चोरीला गेल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. (पाणी चोरणे आणि पाणी अडवणारी भिंतच चोरून नेणे यांत कायद्याच्या दृष्टीने काय फरक, हा प्रश्न एकदा परीक्षेत घालावा असे फार दिवस मनात आहे.) पावसाळा तोंडावर आला की तेच बरगे पुन्हा काढायचे, नाहीतर पुराचे पाणी त्यांना अडून काठ फोडून वाट काढील. या रचनेला राज्यभर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात. एकाच नदीशी वर्षातून दोन तऱ्हांनी वागावे लागते, हे त्या बंधाऱ्याला उमगले आहे. आपल्या कायद्याला ते तितकेसे उमगलेले नाही, हेच माझ्या अभ्यासाचे मूळ आहे.

आपला पाण्याचा कायदा टंचाईच्या पोटी जन्मला आहे. कृष्णेच्या पाण्याचे वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने १९७३ साली जो हिशेब मांडला तो ७५ टक्के विश्वासार्हतेचा होता, म्हणजे शंभरांपैकी पंचाहत्तर वर्षे नदीत जेवढे पाणी खात्रीने असेल तेवढेच वाटायला घ्यायचे. ते निघाले २०६० टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), आणि त्यातले ५६० महाराष्ट्राच्या वाट्याला आले. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये त्याहून जास्तीच्या पाण्यालाही हात घातला. पण तिथेही जास्तीचे पाणी म्हणजे आणखी वाटून घ्यायची मिळकतच ठरली. पुराचा मुद्दा निघाला तो कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या वादातला एक आक्षेप म्हणून. पाणी कमी पडले तर कोणी किती सोसायचे याचा निवाडा आकड्यांनिशी होतो. ते जास्त झाले तर कोणी किती सोसायचे, हे मात्र त्या त्या आठवड्यातल्या पत्रव्यवहारावर आणि अधिकाऱ्यांच्या फोनवर सोपवलेले असते.

कोल्हापुरात राहणाऱ्याला ही उणीव दर वर्षी अंगावर येते. एप्रिल-मे महिन्यांत उपसाबंदीचे, म्हणजे नदीतून पाणी उपसू नये असे, आदेश निघतात, मोटारी बंद राहतात आणि शेतकरी आपल्या पाळीसाठी रात्रभर जागून पहाटे दारे धरत असतो. त्यानंतर दोनच महिन्यांत साऱ्या शहराचे लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडे लागते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की काठावरची घरे सामान वर चढवू लागतात. हे दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, त्यांना कोणाच्या आदेशाची गरज नसते. दावा लावायचा तर प्रतिवादी कोणाला करावे, असा पेच त्यांनी वकिलांपुढे कायमचा टाकला आहे. नृसिंहवाडीला मात्र तेच चढते पाणी उत्तरद्वारातून दत्त मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान करण्यासाठी लोक आवर्जून जातात. पुराला इतक्या सन्मानाने सामावून घेणारी तरतूद मला अजून कोणत्याही अधिनियमात सापडलेली नाही.

२०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, उपसा केंद्रे बुडाली आणि शहराचे नळ बंद पडले. चहूकडे पाणी पसरलेले असताना आम्ही घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभे होतो. एकाच दिवशी, एकाच गल्लीत टंचाई आणि अतिवृष्टी या दोन्ही प्रकरणांचे पक्षकार आम्हीच होतो.

म्हणून जेव्हा अभ्यासासाठी बाहेर पडण्याची संधी आली, तेव्हा मी ठिकाणे निवडली ती एका हाताला टंचाई आणि दुसऱ्या हाताला पूर धरून. टंचाईसाठी स्पेनमधले व्हॅलेन्सिया. तिथल्या कॅथेड्रलच्या दारात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता पाण्याचे न्यायालय भरते. तुरिया नदीवरच्या आठ पाटांचे शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले प्रतिनिधी काळे अंगरखे घालून गोलाकार बसतात. पुकारा करणारा शिपाई एकेका पाटाचे नाव घेऊन तक्रार आहे का ते विचारतो. असेल तर तिथल्या तिथे तोंडी सुनावणी आणि तोंडी निकाल, नसेल तर काही मिनिटांत कामकाज संपते. आरोप ज्या काठच्या शेतकऱ्यावर असेल, त्याची चौकशी समोरच्या काठच्या पंचाने चालवायची, ही त्यातली बारकाई मला फार आवडली. युनेस्कोने २००९ मध्ये या न्यायालयाची अमूर्त वारसा म्हणून नोंद केल्यापासून तिथे पर्यटकांची गर्दी असते. त्यांचे कॅमेरे पंचांवर खिळलेले होते. माझे लक्ष शिपायाच्या हातातल्या पितळी दांड्याकडे होते. त्याच्या टोकाला एक वळलेला आकडा असतो, आणि तो पाटाच्या दारातल्या फळ्या ओढून काढण्यासाठी होता असे सांगतात. बरगे काढण्याचे अवजार न्यायदंड म्हणून मिरवणारे न्यायालय पाहून कोल्हापूरच्या माणसाला परदेशात आल्यासारखे वाटणे कठीणच होते.

पुरासाठी नेदरलँड्स. मोठा भाग समुद्रसपाटीखाली असलेल्या त्या देशात २१ जल मंडळे आहेत, त्यांतल्या काहींची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. त्यांची स्वतःची निवडणूक होते आणि स्वतःचा कर असतो. १९९५ च्या पुरात सुमारे अडीच लाख माणसांना घरे सोडावी लागल्यावर त्यांनी बांध उंच करत राहण्याचा मार्ग थोडा बाजूला ठेवला आणि नदीला पसरायला जागा देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. ओव्हरडीप नावाच्या पोल्डरमध्ये, म्हणजे बांध घालून राखलेल्या सखल जमिनीत, बांधाची उंची चक्क कमी करण्यात आली आणि तिथल्या आठ शेतकऱ्यांची घरे-गोठे मातीच्या उंच टेकाडांवर नव्याने उभे राहिले. टेकाडांची कल्पना खुद्द शेतकऱ्यांनी मांडली होती, आणि त्यांच्यातले सगळेच काही तिथे राहिले नाहीत. काहींना शेत सोडून दुसरीकडे जावे लागले. आपल्याकडे पूररेषा आहेत: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आणि दोन रेषांच्या मध्ये निर्बंध, इतके आपण नकाशावर रंगवले आहे. पण नदीला सोडलेल्या त्या जागेची किंमत कोणी, कोणाला आणि कशी द्यायची, हा ओव्हरडीपमध्ये सोडवलेला प्रश्न आपल्या रेषांना पडलेलाच नाही.

हेगच्या पीस पॅलेसमध्ये दर उन्हाळ्यात आंतरराष्ट्रीय कायद्याचे वर्ग भरतात. त्यांचा जुलै महिना आणि आमचा जुलै महिना एकच. वर्गात सामाईक नदीच्या न्याय्य आणि वाजवी वापराच्या तत्त्वावर व्याख्यान चालू असताना माझ्या फोनवर राजाराम बंधाऱ्याचे फूट आणि इंच येत होते. आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांविषयीच्या १९९७ च्या करारात २७ आणि २८ या कलमांत पुराचा उल्लेख आहे हे ऐकून मी जरा सावरून बसलो; पण तो करार देशादेशांमधला, भारत त्यात सहभागी नाही, आणि महाराष्ट्र-कर्नाटकाला त्याचा उपयोग उदाहरण म्हणून देण्यापुरताच. त्याच वर्षी, डॅन्यूबवरच्या धरणांवरून हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांच्यात चाललेल्या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश स्वतः नदीवर जाऊन आले. त्या न्यायालयाच्या इतिहासातली ती पहिली स्थळपाहणी होती. हे सांगताना व्याख्यात्यांना केवढे अप्रूप वाटत होते! आपल्याकडचा तहसीलदार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली ओढ्याचा नैसर्गिक प्रवाह अडवल्याची तक्रार आली की बांधावर जाऊन उभा राहतोच, आणि त्याचे कौतुक कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

परत आल्यापासून विद्यार्थी विचारायला येतात की या विषयात शिकायला कुठे जाता येईल. वाटा बऱ्याच आहेत. ब्रिटनमध्ये एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी चेव्हनिंग शिष्यवृत्ती आहे, मात्र तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू, युरोपसाठी इरॅस्मस मुंडस, आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. राधानगरी धरण बांधायला घेणाऱ्या राजाच्याच नावाने पाण्याचा कायदा शिकायला जावे, यासारखा योग नाही. जलकायद्यासाठी स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाचे नाव आहे, पाण्याच्या इतर सर्व अंगांसाठी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या जलशिक्षण संस्थेचे. परदेशाच्या ओढीत मुलांना छत्रपती संभाजीनगरची वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, आठवत नाही, याचे मला वाईट वाटते, कारण पाणी वापर संस्था प्रत्यक्षात कशा चालतात हे डेल्फ्टपेक्षा तिथे लवकर कळेल.

अडचण असते ती अर्जासोबतच्या उद्देशपत्राची. ‘पाणी हेच जीवन’ या वाक्याने सुरू झालेली इतकी उद्देशपत्रे माझ्या हातून गेली आहेत की ते वाक्य दिसले की पेन आपोआप आडवे होते. मागे शिरोळ तालुक्यातला एक विद्यार्थी असेच पत्र घेऊन आला. त्याला घरची माहिती विचारली, तेव्हा कळले की वडील उपसा जलसिंचन संस्थेचे सभासद, जमीन निळ्या रेषेच्या आत आणि माजघराच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण अजून तशीच. पुराने ऊस कुजला त्या साली पाणीपट्टी माफ झाली का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “नाही सर, पाणी घेतलं होतं की आम्ही आधी.” घेतलेल्या पाण्याची आकारणी करणारा कायदा आणि आलेल्या पाण्याची भरपाई देणारा शासन निर्णय एकाच घरात येऊन एकमेकांशी का बोलत नाहीत, एवढाच प्रश्न मी त्याला पहिल्या परिच्छेदात लिहायला सांगितले. पत्र त्याने नव्याने लिहून आणले. त्यात आकारणीच्या पावतीचा क्रमांकही घातला होता. तो तेवढा मी काढायला लावला.