काटा हललाच नाही

गाडी आली ती वासासकट. टर्बो, मोठे इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे), वेगळा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), आणि आयडलवर, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, मागे उभं राहिलं की डोळे चुरचुरत होते. प्लग काजळीने काळेकुट्ट. डिपस्टिक हुंगली, तर ऑइललाही पेट्रोलचा वास. मालक म्हणाला, "पण पळते मस्त हो. पूर्ण दाबली की काही तक्रार नाही."

ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. अर्धा दिवस त्यातच गेला.

वाइडबँडवर, म्हणजे धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणाऱ्या सेन्सरवर, आयडलचा आकडा होता 11.6, पेट्रोलच्या एका भागाला हवेचे एवढे भाग; आकडा कमी म्हणजे पेट्रोल जास्त. मॅपमध्ये, म्हणजे ईसीयूतल्या तक्त्यात, मागितलेला 14.7. सेन्सरवरून होणारी दुरुस्ती आधीच्या ट्यूनरने बंद ठेवली होती, त्यामुळे चूक निदान उघडी तरी दिसत होती. कूलंटचा सेन्सर बरोबर, मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) प्रेशरचा सेन्सर बरोबर, इंजेक्टर ठिबकत नव्हते. मग फ्युएल रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, दाबाचा गेज लावला. 4.2 बार!

जादा पेट्रोल टाकीकडे परत सोडून रेलचा दाब राखणारा रेग्युलेटर 3 बारचा, आणि एका नळीने मॅनिफोल्डला जोडलेला. आयडलला मॅनिफोल्डमध्ये 0.65 बारचा व्हॅक्यूम होता, म्हणजे गेजवर 2.35 च्या आसपास दिसायला हवं. व्हॅक्यूमची नळी काढली की काटा 3 वर चढतो, लावली की उतरतो. मी नळी काढली. काटा हललाच नाही.

नळी आतून कोरडी होती, पेट्रोल आलेलं नव्हतं, म्हणजे रेग्युलेटरमधला पडदा, डायफ्रॅम, फाटलेला नव्हता. तेव्हा रेग्युलेटर अडकलाय, असा निकाल मी देऊन टाकला. स्क्रू पूर्ण सैल केला, 4.2. नवा रेग्युलेटर आणून बसवला, त्याचाही स्क्रू सैल केला, 4.2. नवा पार्ट लावून जुनाच आकडा दिसला की पोटात कसं होतं ते या धंद्यातल्यांना सांगायला नको.

मग पाना ठेवला आणि कागद घेतला. इंजेक्टरच्या दोन टोकांमधला दाब म्हणजे रेलचा दाब अधिक व्हॅक्यूम, इथे 4.85. हवा होता 3. पेट्रोलचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे 27 टक्के जास्त. 14.7 ला 1.27 ने भागलं तर 11.6 येतं. गाडी जेवढी रिच होती, म्हणजे पेट्रोल जेवढं जास्त होतं, तेवढी सगळी त्या एका दाबामुळेच. आयडलचे आकडे मॅपमध्ये कमी करून गाडी परत देणं सोपं होतं. असं 'दुरुस्त' केलेल्या गाड्या मी नंतर उघडल्या आहेत, म्हणून सांगतो.

आता ते "पळते मस्त" आठवलं. पूर्ण दाबल्यावर बूस्ट, म्हणजे टर्बोने मॅनिफोल्डमध्ये वाढवलेला दाब, 1.2 बार, तेव्हा रेग्युलेटरला 3 अधिक 1.2, म्हणजे 4.2 च हवा असतो. शिवाय तेव्हा बरंचसं पेट्रोल इंजेक्टर खातात, परत जाणारं कमी होतं. आयडलला मात्र जवळपास सगळंच परत जातं. म्हणजे रेग्युलेटर सताड उघडाच होता, पुढे टाकीकडे परतायची वाट अरुंद होती. सताड उघड्या दाराची नळी काढून काटा हलणार कसा?

"अलीकडे काय बदललंत?"

"फक्त पंप. ताशी 255 लिटरचा. बॅटरीवरून डायरेक्ट जाड वायर ओढलीय, रिलेवर."

इंजिन बंद ठेवून रिटर्नची होस रेग्युलेटरपासून सोडवली, दुसरी होस लावून कॅनमध्ये सोडली, अग्निशामक हाताशी ठेवला आणि पंप काही सेकंद चालवला. काटा धपकन खाली. मीच सैल केलेला स्क्रू आवळत नेला, 3 वर येऊन थांबला.

अडथळा टाकीतच निघाला. टाकी दोन कप्प्यांची. परत येणारं पेट्रोल आत एका बारीक तोंडातून जोरात जातं, आणि त्या ओढीने पलीकडच्या कप्प्यातलं पेट्रोल पंपाकडे येतं. कंपनीचा पंप आयडलला कमी व्होल्टेजवर सावकाश चालायचा, त्याला ते तोंड पुरत होतं. नवा मोठा पंप, तोही कायम पूर्ण व्होल्टेजवर, त्याला पुरेना. तोंड मोठं करावं तर ओढ जाते आणि अर्धी टाकी असतानाच गाडी बंद पडते. म्हणून रिलेच्या जागी पंपाचा वेग बदलणारा कंट्रोलर बसवला आणि ईसीयूला जोडला, आयडलला सावकाश, बूस्टला पूर्ण.

ऑइल आणि प्लग बदलून गाडी चालू केली. गेजवर 2.4, वाइडबँडवर 14.6. नळी काढली, काटा 3 वर चढला. दोन-तीनदा उगीचच काढून लावून पाहिली.

रेग्युलेटर त्याचा जुनाच परत बसवला. नव्याचे पैसे त्याच्याकडून घ्यायचा प्रश्नच नव्हता.