सेक्वॉन बार्कलीचे पाय आणि बुमराहची पाठ

"यंदा त्याचे टायर टिकत नाहीत बघ." ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सध्या रोज हे ऐकते आहे आणि रोज मला राग येतो. टायर म्हणजे अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या सेक्वॉन बार्कलीचे पाय. ४ सप्टेंबर २०२५ ला डॅलसविरुद्ध त्याच्या संघाचा, फिलाडेल्फिया ईगल्सचा, सीझन सुरू होतोय, आणि फिलाडेल्फियात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न आहे: गेल्या वर्षी एवढा राबलेला रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी, या वर्षी तेवढंच ओझं पेलेल का?

राबला खराच. प्लेऑफ (साखळीनंतरचे बाद फेरीचे सामने) धरून ४३६ वेळा तो बॉल घेऊन पळाला आणि त्यानं २५०४ यार्ड काढले. एका सीझनमध्ये एवढे यार्ड एनएफएल या इथल्या लीगमध्ये आजवर कुणी काढले नव्हते. यातली बहुतेक प्रत्येक धाव शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर कोसळूनच संपते, हे लक्षात घ्या.

'टिकणार नाही' म्हणणाऱ्यांकडे दाखले तयार असतात. टेरेल डेव्हिस १९९८ मध्ये दोन हजार यार्डांच्या पुढे गेला, पुढच्याच वर्षी त्याचा गुडघा गेला आणि नंतर तो पूर्वीसारखा पळालाच नाही. त्याच १९९८ मध्ये जमाल अँडरसननं ४१० कॅरी, म्हणजे बॉल घेऊन पळण्याच्या खेपा, केल्या, आणि १९९९ च्या दुसऱ्याच सामन्यात त्याचाही गुडघा गेला. लॅरी जॉन्सन, २००६, ४१६ कॅरी, पुढच्या वर्षी पायाचं हाड मोडलं. यावरून ३७० कॅरींची लक्ष्मणरेषाच आखली गेली.

मला हा हिशेब पटत नाही. ज्या वर्षी शरीर धड राहतं, वाट मोकळी करून देणारी पुढची फळी दणकट असते आणि सगळं जुळून येतं, त्याच वर्षी कुणाच्या नावावर चारशे कॅरी लागतात. पुढचं वर्ष त्याहून उणं जाणार हे तर ठरलेलंच. शिवाय डेरिक हेन्री आहेच की! २०२० मध्ये ३७८ कॅरी, २०२१ मध्ये पाय मोडला, म्हणून सगळ्यांनी हात झटकले. गड्यानं २०२४ मध्ये, तिशी गाठल्यावर, १९२१ यार्ड काढले.

पण माझा राग आकड्यांवर नाही. हा खेळाडू झिजला असेल, तर त्याला झिजवलं कुणी? २०१८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सनं त्याला घेतलं. इथल्या पद्धतीप्रमाणे पहिली चार-पाच वर्षं करार संघाच्या सोयीचा असतो. त्या वर्षांत पिळून घ्यायचं, आणि खेळाडू चांगला मोबदला मागायला आला की म्हणायचं, तुझ्यावर फार भार पडलाय, आता भरवसा नाही. २०२३ मध्ये त्याला एका वर्षाच्या टॅगवर, म्हणजे खेळाडूला दुसरीकडे जाऊ न देणाऱ्या करारावर, अडकवलं, २०२४ मध्ये जाऊ दिलं. परवा पोळा झाला. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी हळद-तूप लावून बैलाचे खांदे शेकतात आणि त्याला 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या' म्हणतात. ते खांदे कशानं सुजले हे मालकाला ठाऊक असतं, म्हणून तोच ते शेकतो. जायंट्सना एवढंही सुचलं नाही.

म्हणूनच ५ जानेवारी २०२५ चा तो निर्णय मला अजून विसरता येत नाही. प्लेऑफ न धरता एका सीझनमधला एरिक डिकरसनचा १९८४ चा २१०५ यार्डांचा विक्रम मोडायला बार्कलीला १०१ यार्ड हवे होते. शेवटचा सामना आपल्याच मैदानावर, समोर तेच जायंट्स. आणि कोच निक सिरियानी यांनी त्याला खेळवलंच नाही. प्लेऑफमधली जागा नक्की होती, मग विक्रमासाठी पाय कशाला पणाला लावायचे? बार्कलीनंही ते मान्य केलं. दोनच आठवड्यांनी भर बर्फात रॅम्सविरुद्ध तो २०५ यार्ड पळाला, आणि पुढे सुपर बोल, म्हणजे लीगचं विजेतेपद, आला.

योगायोग असा, की त्या ५ जानेवारीच्या आदल्या रात्री आम्ही सिडनी कसोटीचा शेवट बघत बसलो होतो. मेलबर्नला ५३.२ षटकं टाकून आलेला बुमराह पाठ धरून बसला होता, ऑस्ट्रेलियासमोर १६२ धावांचं लक्ष्य होतं आणि आपल्याकडे तो नव्हता. मालिकेत ३२ बळी घेतलेल्या माणसाची पाठ आपण शेवटच्या डावापर्यंत पुरवली नाही. चॅम्पियन्स ट्रॉफीलाही तो मुकला. पाच दिवसांच्या खेळात दमण्यासारखं काय असतं, असं इथल्या एकानं मला विचारलं होतं. त्याला मी बुमराहची ती ॲक्शन मोबाइलवर दाखवली आणि २०२३ मधलं पाठीचं ऑपरेशन सांगितलं. पुन्हा त्यानं तो प्रश्न काढला नाही.

आता इंग्लंडमध्ये त्याला पाचपैकी तीनच कसोट्या खेळवलं, तर घरचेच चिडलेत. माझा मावसभाऊ वर्ध्याहून फोनवर म्हणतो, "सिराज पाचही खेळला, एकशे पंच्याऐंशी षटकं टाकली, ओव्हल जिंकून दिलं. त्याची पाठ दुखत नाही का?" गावसकरांनीही या वर्कलोड प्रकरणावर कडक शब्दांत टीका केली, त्यामुळे दादाला आणखी जोर आलाय. सिराजचा मला त्याच्याइतकाच अभिमान आहे. ओव्हलच्या शेवटच्या सकाळी मी ऑफिसची मीटिंग पुढे ढकलली होती. पण दादा, सिराजचं शरीर सिराजचं आणि बुमराहचं बुमराहचं. इथं राहून मी अमेरिकन झाले, असं तू म्हणतोस. तसं नाही रे. थांबवलेल्या खेळाडूला कुणी देशद्रोही न म्हणता संघ जिंकताना मी पाहिलाय, एवढंच.

बार्कलीशी मार्चमध्ये ईगल्सनं दोन वर्षांचा, चार कोटी डॉलरच्या वरचा नवा करार केला. त्या पैशांची वसुली त्याच्या गुडघ्यांतून करू नये, असं मला वाटतं. गेल्या वर्षी सामन्याला एकवीस-बावीस कॅरी पडत होत्या. त्या सतरा-अठरावर आणाव्यात, उरलेल्या विल शिपली आणि नव्यानं आलेला ए. जे. डिलन यांना द्याव्यात. डॅलसविरुद्ध चौथ्या क्वार्टरला मोठी आघाडी असेल, तर बार्कलीला सरळ बाकावर बसवा. कॅन्टीनवाले काहीही म्हणोत, मी टाळ्या वाजवीन.