आईच्या चालीने

आईला सत्तर वर्षे पूर्ण झाली तेव्हा तिने समारंभाला साफ नकार दिला आणि त्याऐवजी सगळ्यांनी मिळून एखादी टेकडी चढू या, असे सुचवले. थंडी सरत आली होती, ऊन अजून तापू लागले नव्हते, त्यामुळे हवेचे कारण पुढे करून टाळण्याचीही सोय उरली नाही.

माझ्या भावाला कोणतीही गोष्ट आकड्यांत बसवल्याशिवाय चैन पडत नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरातल्या चालीचा एक ठोकताळा सांगितला होता : दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आमची वाट जाऊन-येऊन तीन मैलांची आणि चढ हजार फुटांचा, तेव्हा दीड तासात आपण परत येऊ, असे भावाने जाहीर करून टाकले. आम्हाला चार तास लागले. नेस्मिथसाहेबांचा यात काही दोष नाही. वाटेत थांबण्याचा वेळ त्यांच्या हिशेबात नव्हता, आणि आमची आई प्रामुख्याने थांबतच होती.

एका झुडपापाशी तर ती चांगली दहा मिनिटे रेंगाळली. त्याला नुकती पालवी फुटली होती, आणि तांबूस, लवलवीत, अजून पुरते न उलगडलेले एक पान तिने न तोडता दोन बोटांवर तोलून उन्हासमोर धरले, तेव्हा त्यातली शीर न् शीर दिसू लागली. पाने हिरवी असतात ना, मग हे लाल कसे, असे नातवाने विचारले. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरेसे तयार झालेले नसते आणि अँथोसायनिन नावाचे रंगद्रव्य त्याला तांबूस छटा देते, हे मी सांगेपर्यंत तो पुढे पळालाही होता. आईने मात्र सगळे ऐकून घेतले.

तिच्या पिशवीतल्या शालीवरून निघताना आम्ही तिची थट्टा केली होती. वास्तविक दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, म्हणजे आमच्या टेकडीच्या वाट्याला जेमतेम दोन अंश येतात. पण माथ्यावरच्या वाऱ्याने आमचे सगळे शहाणपण उडवून लावले आणि ती शाल आळीपाळीने सर्वांच्या खांद्यांवर फिरली.

उतरताना मुले धावत सुटली. आई एक हात माझ्या खांद्यावर ठेवून, आडवी वळून, एकेक पाऊल चाचपत उतरत होती. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात, आणि सवय नसेल तर त्याची वसुली एक-दोन दिवसांनी होते. आमचीही झालीच. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ कठडा घट्ट धरून, आडवा वळून, एकेक पायरी जिना उतरत होता, आणि आई खाली उभी राहून शांतपणे म्हणाली, “सावकाश ये रे, घाई नाही.”